‘डिलाइट’ हा इंग्रजी शब्द कसा वापरावा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना ‘हॅपी’ आणि ‘ग्लॅड’ हे शब्द सवयीचे असतात. मात्र आभारपत्रात किंवा मुलाखतीत ‘डिलाइट’ वापरायची वेळ आली की अडखळायला होते. साध्या समाधानाला हा शब्द लावू नये. एखाद्या गोष्टीमुळे मन उचंबळून येते आणि तो आनंद सहसा लपत नाही, तेव्हाच तो शोभतो.

सर्वाधिक गोंधळ ‘डिलाइटेड’ आणि ‘डिलाइटफुल’ यांत होतो. ज्याला आनंद झाला तो ‘डिलाइटेड’ आणि ज्यामुळे झाला ते ‘डिलाइटफुल’. म्हणजे बेळगावचा कुंदा ‘डिलाइटफुल’ आणि तो चाखणारा पाहुणा ‘डिलाइटेड’. निवड झाल्याच्या पत्राला उत्तर देताना ‘आय ॲम डिलाइटफुल’ असे लिहिले, तर ‘मी फार मोहक आहे’ अशी आत्मस्तुती होते, आणि वाचणारा अधिकारी ती सुधारून घेईलच असे नाही.

‘डिलाइटेड’पुढे मिळालेल्या वस्तूसाठी ‘विथ’, बातमीसाठी बहुधा ‘ॲट’ किंवा ‘बाय’ आणि क्रियापदापूर्वी ‘टू’ येते. औपचारिक पत्रात ‘आय ॲम डिलाइटेड टू ॲक्सेप्ट युवर इन्व्हिटेशन’ हे वाक्य निःशंकपणे लिहावे. कन्नडमध्ये ‘तुंबा संतोष’ आणि मराठीत ‘खूप आनंद’ म्हणण्याची सवय असल्याने आपल्याकडे ‘व्हेरी डिलाइटेड’ सहज लिहिले जाते. पण ‘खूप’ची छटा त्या शब्दातच असल्यामुळे ‘व्हेरी’ गाळावे आणि जोर द्यायचाच असेल, तर ‘ॲब्सोल्यूटली’ वापरावे.

क्रियापद म्हणून ‘द न्यूज डिलाइटेड माय ग्रँडमदर’ असा थेट प्रयोग होतो. ‘डिलाइट इन’चा रोख थोडा निराळा आहे: एखाद्या गोष्टीत सतत रमणे, मग ती गोष्ट भावाची खोडी काढण्याची का असेना. ‘आय ॲम डिलाइटिंग’ असे मात्र आपल्या आनंदाबद्दल म्हणू नये.

उच्चारात आघात ‘लाइट’वर द्यावा. या शब्दाचा उजेडाच्या ‘लाइट’शी मुळात संबंध नाही, तो लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि ‘लाइट’च्या प्रभावाने त्याच्या स्पेलिंगात ‘जी’ व ‘एच’ ही मूक अक्षरे शिरली. ती लिहिताना विसरू नयेत.