विसर्जन मिरवणुकीच्या गर्दीचे स्वप्नवत छायाचित्र

शटर बराच वेळ उघडे ठेवून गर्दीचे धुके करणे सोपे आहे. त्या धुक्यात माणसे शिल्लक ठेवण्यात खरे कसब आहे. रशियन छायाचित्रकार अलेक्सेई टिटारेंको यांनी 1992 साली सेंट पीटर्सबर्गच्या मेट्रो स्थानकाबाहेर टिपलेल्या लोंढ्यात माणसे विरघळलेली दिसतात. पण कठड्यावर टेकलेले हात मात्र स्पष्ट उरतात, आणि त्या हातांमुळेच चित्र अंगावर येते.

अनंत चतुर्दशीला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर असा न हलणारा आधार शोधावा. परिचिताच्या दुसऱ्या मजल्यावरील गॅलरीची परवानगी आधीच घेऊन ठेवावी. ढोल-ताशा पथक थांबून वाजवते तेव्हा ध्वज धरणारा बराच वेळ जागचा हलत नाही, तर भोवतालचे हात सतत फिरत असतात. शटर तेव्हाच उघडावे. अर्धा ते एक सेकंद पुरतो. दहा सेकंद ठेवल्यास पांढऱ्या कुडत्यांचा नुसता लगदा उरतो. हलक्या ढगाळ दुपारी आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) 100 आणि भिंगाचे छिद्र एफ/11 असताना शटर साधारण 1/125 सेकंद येत असेल, तर सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश सहा वेळा निम्मा करणारी गडद काच, तो अर्ध्या सेकंदावर आणतो. रात्री फिल्टरची गरजच नसते. याउलट दिवे घाटातली पालखी दुरून टिपताना चौकटीत माणसे फार हळू सरकतात. तिथे दहा स्टॉपचा फिल्टर लावून आठ सेकंदांपर्यंत जाता येते.

जुन्या वाड्याची लाकडी फळ्यांची जमीन ढोलाच्या ठोक्यासरशी थरथरते, म्हणून ट्रायपॉड भिंतीलगत किंवा तुळईच्या रेषेवर ठेवावा, त्याचा मधला दांडा वर काढू नये आणि शटर रिमोटनेच सोडावे. गॅलरीच हलली, तर ध्वजही पुसट होतो आणि सगळेच मुसळ केरात.

मोठ्या आकारात छापण्याचे गणित आधीच मांडावे. 6000 गुणिले 4000 बिंदूंची (पिक्सेलची) चौकट सहा फूट रुंद छापल्यास इंचाला जेमतेम 83 बिंदू येतात, आणि पुणेकर प्रेक्षक चित्राला नाक लावून ओळखीचा चेहरा शोधणारच. त्यामुळे कॅमेरा उभा धरून, एकतृतीयांश भाग सामाईक ठेवत चार चौकटी घ्याव्यात. जोडल्यावर रुंदी सुमारे 12,000 बिंदू, म्हणजे इंचाला सुमारे 167 होते. सांधे विजेच्या खांबावर किंवा इमारतीच्या कडेवर आणावेत, कारण धावत्या गर्दीत ते जुळत नाहीत.

संपूर्ण चित्र छापण्यापूर्वी ध्वजधारकाच्या चेहऱ्यावरून आणि गुलालातून जाणारी एक अरुंद पट्टी प्रत्यक्ष आकारात, मॅट कागदावर छापून घ्यावी. पडद्यावरचा झळझळीत गुलाबी कागदावर बहुधा मळकट उतरतो.