तंगुसाचे कृत्रिम स्नायू: कोकणात या चुका टाळा

गरम होताच आखडून वजन उचलणारा धागा, म्हणजेच कृत्रिम स्नायू, करायला मासेमारीच्या दुकानातला नायलॉनचा तंगूस पुरतो. डॅलसच्या टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ते दाखवून दिलं. कोकणात मात्र उष्णतेइतकीच दमट हवेची काळजी घ्यावी लागते.

तंगूस एकेरी आणि गुळगुळीत घ्या. विणलेली दोरी बहुधा पॉलिएथिलीनची असते आणि १५० अंशांच्या भट्टीत वितळते. ०.५ मिमी जाडीचा एक मीटर तंगूस ड्रिलला बांधून खाली साधारण ४०० ग्रॅम वजन टांगा आणि ड्रिल फिरवून वेटोळी पडेपर्यंत पीळ भरा. वजन वर सरकू द्या, पण फिरू देऊ नका, नाहीतर भरलेला पीळ सुटतो. वजन कमी पडलं तर तंगूस स्वतःतच गुंततो, जास्त झालं तर वेटोळी पडण्याआधीच तुटतो. ५०-५० ग्रॅमनी बदलून पाहा. ड्रिल सावकाश चालवा. तुटलेलं टोक जोरात उसळतं, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच.

पिळलेला तंगूस सळईवर गुंडाळून वेटोळी करणार असाल तर दिशा सांभाळा. तापल्यावर तंगुसाचा पीळ उलगडू पाहतो. पीळ आणि वेटोळी एकाच दिशेची असतील तर धागा आखडतो, उलट असतील तर लांबतो. मग दोन्ही टोकं घट्ट बांधून १५० अंशांवर तासभर तापवा आणि पूर्ण थंड झाल्यावरच सोडा.

'तापवलं तरी हलत नाही' याचं कारण अनेकदा साधं असतं: वेटोळी एकमेकांना टेकलेली असतात, आखडायला जागाच नसते. वजन टांगून मध्ये फट पडू द्या.

आता दमटपणा. नायलॉन हवेतली वाफ शोषतं, मऊ पडतं, लांबीनेही वाढतं. त्यामुळे मे महिन्यात नीट चाललेला नमुना जुलैत सैल लोंबतो. तापवल्यावर आधी पाणी निघून जातं आणि त्यामुळे झालेलं आखडणंही मोजमापात मिसळतं. म्हणून नमुना ८० अंशांवर रात्रभर वाळवा, ओल शोषणारं सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा. मोजण्याआधी तापवण्या-थंड करण्याच्या दहा फेऱ्या करा आणि ते आकडे धरू नका. वहीत तापमानाशेजारी आर्द्रताही लिहा; नाहीतर दोन दिवसांच्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

कपड्यात बसवायला, विजेने तापणारा चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन धागा वापरलात तर खाऱ्या हवेत मुलामा काळवंडतो, जोडाशी विद्युतरोध वाढतो. जोडाला सोल्डरचा डाग देऊ नका, धागा वितळतो. टोकं क्रिंप करा, म्हणजे धातूच्या नळीत घालून दाबून बसवा. धागा अंगाला लागू देऊ नका, खाली सुती अस्तर घाला आणि तापमान वाढताच वीज तोडणारा सेन्सर बसवा.