रीबूटनंतर पोस्टग्रेस आपोआप वर यावा म्हणून आधी काय काय बघून ठेवायचं

उबंटू किंवा डेबियन या लिनक्सवर पोस्टग्रेस (पोस्टग्रेसक्यूएल) हा डेटाबेस चालवताय ना, मग हे सगळं शांतपणे दिवसा करून ठेवा, रात्री लाईट गेल्यावर नाही. पहिलं म्हणजे मशीन स्वतः उठते का? लाईट परत आल्यावर मशीन चालू करायची की बंद ठेवायची याचं सेटिंग बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) असतं, ते ‘चालू’वर ठेवा. क्लाउडवर असाल तर हा भाग सोडून द्या.

मग पोस्टग्रेसची सर्व्हिस (मागे चालणारा प्रोग्रॅम) एनेबल आहे का बघा. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर, एनेबल म्हणजे दर बूटला चालू कर, आणि एक केलं म्हणून दुसरं होत नाही. पॅकेज टाकताना एनेबल होतंच, पण मध्ये कुणी डिसेबल केलं असेल तर कळत नाही, म्हणून सिस्टमसीटीएल (सर्व्हिस सांभाळायची कमांड) इज-एनेबल्ड पोस्टग्रेसक्यूएल चालवून बघाच.

आता खरा घोळ. सिस्टमसीटीएल स्टेटसला पोस्टग्रेसक्यूएल हिरवं दिसतं, अ‍ॅक्टिव्ह, शेजारी एक्झिटेड, आणि आपण निश्चिंत होतो. ती सर्व्हिस नुसतं वरचं कव्हर आहे हो, खरा डेटाबेस पोस्टग्रेसक्यूएल अ‍ॅट १६-मेन अशा नावाच्या सर्व्हिसमध्ये चालतो (१६ च्या जागी तुमचं व्हर्जन), तो पडला तरी वरची हिरवीच राहते. म्हणून पीजी-एलएसक्लस्टर्स चालवा, ही कमांड मशीनवरचे सगळे क्लस्टर, म्हणजे पोस्टग्रेसचे चालणारे संच, दाखवते, तिथे ऑनलाईन दिसलं तरच खरं. आणि क्लस्टरच्या कॉन्फिग फोल्डरमधली स्टार्ट डॉट कॉन्फ उघडा, त्यात ऑटो हवं, मॅन्युअल असेल तर एनेबल करूनही बूटला काही उठणार नाही.

डेटा वेगळ्या डिस्कवर नेला असेल तर इथे जास्त वेळ द्या. एफएसटॅबमध्ये (बूटला कुठली डिस्क कुठे जोडायची, म्हणजे माउंट करायची, ती यादी) एसडीबी१ वगैरे लिहू नका, बूटगणिक ही नावं बदलू शकतात, यूयूआयडी म्हणजे डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक लिहा. सोबत नोफेल (डिस्क नसली तरी बूट थांबवू नको) टाका, नाहीतर डिस्क रुसली की अख्खी मशीन इमर्जन्सी मोडला अडकते आणि एसएसएचने, म्हणजे लांबून, आतसुद्धा जाता येत नाही. मग त्या १६-मेनवाल्या सर्व्हिसला सिस्टमसीटीएल एडिटने रिक्वायर्स-माउंट्स-फॉर आणि डेटाचा पाथ द्या, म्हणजे डिस्क लागल्याशिवाय पोस्टग्रेस सुरूच होणार नाही. आणि कळकळीने सांगतो, डेटा फोल्डर रिकामं दिसलं म्हणून घाईत इनिटडीबी (नवा रिकामा डेटाबेस बनवणारी कमांड) करू नका, आधी डिस्क माउंट झालीय का बघा! तसंच पोस्टमास्टर डॉट पिड ही पोस्टग्रेस चालू असल्याची खूण ठेवणारी फाईल हाताने उडवू नका, लाईट गेल्यानंतरची रिकव्हरी पोस्टग्रेस वॉल (डब्ल्यूएएल, बदलांची नोंदवही) वाचून स्वतः करतो, त्याला वेळ द्या.

तुमच्या अ‍ॅपच्या सर्व्हिस फाईलमध्ये आफ्टरच्या (कुणानंतर सुरू व्हायचं त्या ओळीच्या) पुढे पोस्टग्रेसक्यूएल डॉट सर्व्हिस टाका, आणि अ‍ॅपमध्ये परत परत कनेक्ट करायची सोयही ठेवा.

शेवटी बॅकअप घेऊन खराच रीबूट करा, लॉगिन न करता दुसऱ्या मशीनवरून पीजी-इजरेडी (पोस्टग्रेस उत्तर देतो का बघणारी कमांड) ५४३२ पोर्टवर मारा (बाहेरून कनेक्शन बंद ठेवलं असेल तर आत जाऊन मारा, पण हाताने स्टार्ट काही करू नका). उत्तर आलं नाही तर जर्नलसीटीएल मायनस बी चालवून या बूटचा लॉग बघा, त्याच १६-मेनवाल्या सर्व्हिसचा.