बिट्समध्ये एमएस्सी + बीई ड्युअल घ्यायचं का? माझा अनुभव

बिट्स पिलानी या इंजिनिअरिंग-सायन्सच्या संस्थेची प्रवेश परीक्षा म्हणजे बिटसॅट. तिचा रिझल्ट लागला की ओळखीपाळखीतून मेसेज सुरू होतात, "ताई, एमएस्सी फिजिक्स मिळतंय, घेऊ का?" म्हणून एकदाच नीट लिहिते. मी बिट्सच्या गोवा कॅम्पसला, म्हणजे वास्कोजवळ झुआरीनगरला, एमएस्सी फिजिक्सला ॲडमिशन घेतली आणि पुढे इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्सचं बीई जोडून मिळालं. ५ वर्षं, २ डिग्र्या, यालाच ड्युअल म्हणतात.

आधी हे डोक्यात पक्कं बसवा की ड्युअलमध्ये बीईची ब्रँच ॲडमिशनच्या वेळी मिळत नाही, ती पहिल्या वर्षाच्या सीजीपीएवर, म्हणजे सरासरी ग्रेडवर मिळते. त्या वर्षी मॅथ्स, ड्रॉइंग, वर्कशॉप, प्रोग्रॅमिंग, अगदी बायोलॉजीसुद्धा सगळ्यांना असतं. मी पहिल्या सेमिस्टरला बायोला हलक्यात घेतलं, मिडसेमला ॲव्हरेजच्या खाली गेले आणि ते भरून काढायला दुसरं अख्खं सेम रात्री जागवाव्या लागल्या. ग्रेडिंग रिलेटिव्ह असतं, त्यामुळे आपल्याला किती पडले यापेक्षा वर्गाचं ॲव्हरेज काय लागलं हे बघायची सवय लावून घ्या.

दुसरं वर्ष जवळपास सगळं सायन्सचं. क्वांटम, ऑप्टिक्स, क्लासिकल मेकॅनिक्स. बीईवाले मित्र सर्किट जोडत असतात आणि आपण इंटिग्रल सोडवत बसतो, तेव्हा मागे पडल्यासारखं वाटतं, मलाही वाटलं. मग तिसऱ्या वर्षी ज्युनिअर बॅचबरोबर सिग्नल्स अँड सिस्टिम्स या बीईच्या विषयाला बसले, सरांनी चौकोनी पल्सचा फूरिये ट्रान्सफॉर्म, म्हणजे त्यात कुठल्या फ्रिक्वेन्सी किती आहेत त्याचा आलेख, फळ्यावर काढला, मधे मोठा उंचवटा, दोन्ही बाजूंना लहान लहान होत जाणारे, आणि मला एकदम ऑप्टिक्सची लॅब आठवली, कारण एका स्लिटमधून, म्हणजे अरुंद फटीतून, लेझर सोडला की पडद्यावर जो पॅटर्न दिसतो तो याचाच वर्ग (स्क्वेअर)! जे डोळ्यांनी बघितलं होतं तेच गणित होतं. त्या दिवशी ड्युअल घेतल्याचं सार्थक झालं असं मनापासून वाटलं.

पाचव्या वर्षी एक सेम थिसिस, एक सेम प्रॅक्टिस स्कूल म्हणजे कंपनीत काम. मी थिसिस फिजिक्समध्ये केला.

घरी पाचव्या वर्षाची फी आणि हॉस्टेलचा खर्च आधीच बोलून घ्या. आणि प्रेफरन्स भरायच्या आधी फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, मॅथ्स, इकॉनॉमिक्स यातल्या कुठल्या विषयाच्या दुसऱ्या वर्षाचा सिलॅबस वाचताना कंटाळा येत नाही ते बघा, तोच वर टाका.