जिवाणूंपासून मॅग्नेटोसोम कसे मिळवावेत आणि कर्करोगाच्या अभ्यासासाठी कसे तपासावेत

काही जलचर जिवाणू आपल्या पेशीत मॅग्नेटाइटचे (लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडचे) 35 ते 120 नॅनोमीटरचे स्फटिक घडवतात. मेदपटलात गुंडाळलेल्या आणि माळेसारख्या ओळीने लागलेल्या या कणांना मॅग्नेटोसोम म्हणतात. खालील पद्धत केवळ प्रयोगशाळेतील पेशी व प्राण्यांवरील संशोधनासाठी आहे.

मॅग्नेटोस्पिरिलम ग्रिफिसवाल्डेन्सचा एमएसआर-1 हा वाण सुमारे 28 अंश सेल्सियसला, फेरिक सायट्रेट घातलेल्या माध्यमात वाढवावा. सर्वाधिक लक्ष ऑक्सिजनकडे द्यावे. तो जास्त झाला, तर जिवाणू जोमाने वाढतात, पण मॅग्नेटाइट तयारच होत नाही, आणि नुसते गढूळ माध्यम पाहून संवर्धन उत्तम झाल्याचा भ्रम होतो. म्हणून फ्लास्कच्या बाजूला चुंबक लावून काही वेळ थांबावे: काचेवर काळसर डाग जमला, तरच पुढे जावे.

पेशी फ्रेंच प्रेसने (उच्च दाबाने पेशी फोडणाऱ्या यंत्राने) फोडाव्यात, कण चुंबकाने एका बाजूला ओढून घ्यावेत, वरचे द्रव काढून टाकावे आणि बफरने वारंवार धुवावे. खरी अडचण पुढे येते. हे जिवाणू ग्रॅम-ऋण असल्याने कणांसोबत एंडोटॉक्सिन (त्यांच्या बाह्य पटलातले विषारी द्रव्य) येते आणि ते तीव्र दाह निर्माण करते. ते पूर्ण काढण्यासाठी कणांवरचे जिवाणूंकडून आलेले मूळ पटलच उतरवावे, तर उघडे पडलेले कण एकमेकांना चिकटून गोळे होतात; त्यामुळे पटल काढल्यास पॉली-एल-लायसिनसारखे नवे आवरण चढवणे भागच आहे. माझ्या मते या टप्प्यावर घाई करण्यापेक्षा एंडोटॉक्सिन मोजणारी लिम्युलस चाचणी पुन्हा एकदा केलेली बरी.

कणांचे वजन नेहमी लोहाच्या प्रमाणात नोंदवावे, अन्यथा दोन प्रयोगांची तुलना होत नाही. एमआरआयसाठी कणांचे प्रमाण वेगवेगळे असलेले नमुने अ‍ॅगरोजमध्ये बसवून टी-2 प्रतिमा (असे चुंबकीय कण गडद दाखवणारा एमआरआयचा प्रकार) घ्याव्यात. जिथे कण, तिथे प्रतिमा काळी पडते. रक्तस्राव आणि हवाही काळीच दिसत असल्याने, प्राण्यांत कण सोडण्यापूर्वीची प्रतिमा हाताशी असलीच पाहिजे.

कण तापवून कर्करोगाच्या पेशी मारता येतात का, हे पाहण्यासाठीच्या उष्णतेच्या चाचणीत प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणाऱ्या) चुंबकीय क्षेत्रात नमुना ठेवून तापमान 42 ते 45 अंशांवर स्थिर राहते का ते पाहावे. धातूचा तापमापक त्या क्षेत्रात स्वतःच तापतो, म्हणून ऑप्टिकल फायबरचाच वापरावा आणि शेजारी नुसत्या बफरचा नमुनाही ठेवावा. ऊतींसाठी क्षेत्राची तीव्रता आणि वारंवारता यांचा गुणाकार साधारण 5 अब्ज अँपिअर प्रति मीटर-सेकंदाच्या आत ठेवण्याचा दंडक वापरला जातो, म्हणजे 200 किलोहर्ट्झला 25 किलोअँपिअर प्रति मीटर. शक्यतो माळा अखंड ठेवाव्यात. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात सुट्या कणांपेक्षा माळांचाच उपचार अधिक परिणामकारक ठरला होता.

उरलेला साठा नायट्रोजन भरलेल्या बंद कुपीत 4 अंशांना ठेवावा, कारण हवेतील ऑक्सिजनमुळे मॅग्नेटाइटचे हळूहळू मॅघेमाइट (लोहाचे दुसरे ऑक्साइड) होते.