नम्रता रोजच्या जगण्यात कशी आणायची: थोडं प्रॅक्टिकल

नम्रता म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर "छे छे, मला कुठे काय येतं" म्हणणारा माणूस येतो. पण ते बोलणं पुष्कळदा कौतुक परत एकदा ऐकायला मिळावं म्हणूनच असतं, खरं ना? बायबलमधलं योहान १३ (योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय) वाचा. येशू शिष्यांचे पाय धुवायला उठला त्याच्या आधीच लिहिलंय की पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवाकडून आलो आणि देवाकडे जाणार, हे त्याला माहीत होतं. म्हणजे आपण कोण हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून कमरेला रुमाल बांधताना त्याला कमीपणा वाटला नाही. म्हणून सकाळच्या प्रार्थनेत "देवा मला नम्र कर" एवढंच म्हणून उठू नका, आधी "मी तुझा आहे, आज मला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाहीये" हे शांतपणे म्हणा. बाकीचं सगळं यावर उभं आहे.

मग जीभ. माझ्या मते खरी परीक्षा इथेच होते. कुणी चूक दाखवली की लगेच उत्तर देऊ नका, समोरच्याचं पूर्ण ऐका आणि "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का" असं एकदा विचारा, तेवढ्यात निम्मा राग खाली बसतो. याकोबाच्या पत्रात ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश असा सल्ला आहे तो हाच. आणि माफी मागायची तर "सॉरी, पण तू पण..." मधला तो "पण" गिळून टाका. काय चुकलं ते नाव घेऊन सांगा, भरपाई होण्यासारखी असेल तर करा आणि गप्प बसा, समोरच्याने लगेच माफ केलंच पाहिजे असा हट्ट नको, त्यालाही वेळ लागतो. घरच्यांशी हे सगळ्यात अवघड जातं कारण बाहेर आपण आपोआपच गोड बोलतो.

रोज एक काम असं करा जे कोणाला कळणार नाही. मीटिंगनंतर खुर्च्या लावणं, दुसऱ्याची राहिलेली भांडी घासणं, सहकाऱ्याचं क्रेडिट त्याला मिळवून देणं, काहीही चालेल. मत्तय ६ मध्ये उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नको असं आहे, त्यामुळे स्टेटसला फोटो टाकला की सराव बाद! लूक १४ मधली मेजवानीतली शेवटची जागा घेण्याची गोष्टही अशीच, कुणी येऊन "वर या वर या" म्हणेल या आशेने मागे बसलात तर मन पहिल्याच रांगेत बसलेलं असतं.

एक बाजू लोक विसरतात, ती घेण्याची. पाय धुण्याच्या त्याच प्रसंगात शिष्य पेत्र येशूला म्हणाला, तू माझे पाय कधीच धुवायचे नाहीस. ऐकायला किती नम्र वाटतं, पण येशूने ते चालवून घेतलं नाही, धुतले नाहीत तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही असं सरळ सांगितलं. सगळ्यांना मदत करणारे आणि स्वतः कुणाची मदत न घेणारे आपल्यात बरेच असतात, त्यांना हा अभ्यास: या आठवड्यात एखादी गोष्ट जमत नाहीये हे सांगून मदत मागा. कोणी कौतुक केलं तर "थँक्यू" म्हणा, लांबण लावू नका.

रात्री झोपताना लूक १८ मधल्या गोष्टीतला जकातदार (कर गोळा करणारा) आठवा, त्याची प्रार्थना एका ओळीची होती, "देवा, मज पाप्यावर दया कर". त्याच गोष्टीतल्या परूश्याने (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) मात्र दुसऱ्यांशी तुलना करत आपल्या उपवासांचा हिशोब मांडला. दिवसभराचा आढावा घेताना शेजारच्याचा घेऊ नका, आणि "आज मी किती नम्र वागलो" याचाही नको, तिथेच पाय घसरतो.

आणि हो, मारहाण, अपमान, छळ मुकाट्याने सोसणं याला नम्रता म्हणून कुणी तुमच्या गळ्यात घालत असेल तर ऐकू नका. महायाजकासमोर (यहुद्यांच्या मुख्य धर्मगुरूसमोर) चौकशीत तिथल्या एका शिपायाने चपराक मारली तेव्हा येशूने विचारलं होतं, मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो तर मला का मारतोस (योहान १८). आवाज न चढवता असं विचारता येतं, आणि जिथे विचारणंही सुरक्षित नाही तिथून बाहेर पडून चर्चच्या पाळकांशी किंवा भरवशाच्या माणसाशी बोला, गरज असेल तर पोलिसांकडेही जा.