घर बंद, कॅमेराही बंद: गावच्या घराला स्वस्तात कॅमेरे बसवताना या चुका टाळा

गणपती विसर्जन झालं की चाकरमानी घराला कुलूप लावून मुंबई-ठाण्याची वाट धरतात. ते घर उघडतं थेट शिमग्याला, नाहीतर आंबे काढायला. मधल्या महिन्यांसाठी हल्ली प्रत्येकाला कॅमेरा हवा असतो, बजेट दहा-वीस हजारांचं असतं आणि दुकानात पहिला प्रश्न असतो, “चार कॅमेऱ्यांचा सेट कितीला बसेल?” गणित इथंच चुकतं. कोकणातल्या बंद घरात कॅमेरा स्वतः बिघडला म्हणून पंचाईत झाली, असं फार कमी वेळा होतं. वीज जाते, नेट जातं, खाऱ्या हवेनं जोड सडतात, आणि फोन वाजला तर बघायला जाणारं माणूस नसतं. म्हणून पैसे कमी असतील तर कॅमेरे दोनच घ्या आणि उरलेले पैसे ते दोन चालू ठेवण्यावर घाला.

मेन स्विच पाडून जाणं

घर बंद करताना मेन खाली ओढायची आपली जुनी सवय आहे, आणि ती वाईट नाही. पण त्याच मेनवर डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) आणि राउटर आहे हे आठवतं गाडी कशेडी ओलांडून गेल्यावर. कॅमेरे आणि राउटर यांच्यासाठी वायरमनकडून वेगळी लाईन काढून घ्या. बाकी घर बंद, ही लाईन चालू. तिला स्वतःचं वेगळं गळती-संरक्षणही हवं. पावसात अंगणातल्या दिव्यात पाणी गेलं की सगळ्या घराचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) पडतो, आणि बंद घरात तो वर करायला कोणी नसतं. पण म्हणून आरसीसीबी काढून टाकायचा नाही, कॅमेऱ्यांचा वेगळा करायचा.

बॅकअपचा हिशेब सोपा आहे. चार कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर मिळून रात्री साधारण ४० वॉट खातात. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. ती तासभर, फार तर थोडी जास्त टिकेल. घरातला १५० अँपिअर-तासांचा इन्व्हर्टर हाच भार एक दिवसभर सहज ओढतो, फक्त बॅटरीतलं पाणी सहा-सहा महिने कोणी बघत नाही ही त्याची गोम. आणखी एक गोष्ट दुकानातच तपासा: काही स्वस्त यूपीएस बॅटरी पूर्ण उतरली की वीज परत आल्यावरही आपणहून सुरू होत नाहीत, बटण दाबावं लागतं. बंद घरात असला यूपीएस काय कामाचा?

वादळाला मात्र कुठलाच बॅकअप पुरत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. अशा वेळी मुंबईहून फोन करून “कॅमेरा ऑफलाईन का दिसतोय?” असं विचारणाऱ्याला शेजारचे आबा ऐकवतात, “तीन दिस लाईट नाय. कॅमेरो काय कंदिलार चलतलो?” त्यांचं बरोबर आहे.

डीव्हीआर कुठं ठेवायचा हाही प्रश्न आहे. सोय म्हणून तो टीव्हीखालच्या कपाटात जातो. नदीकाठच्या घरात ती जागा नको. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये तळमजले बुडाले होते, हे विसरू नका. माळ्यावर किंवा वरच्या खोलीत, हवा खेळेल अशा जागी आणि सहज नजरेस न पडेल असा ठेवा. चोर आला तर आधी डीव्हीआरच उचलतो.

पुढच्या दारावर चार, मागीलदार मोकळं

कॅमेरे लावले जातात ते दिसायला: ओटीवर एक, खळ्याकडे (अंगणाकडे) एक, बेड्यावर (फाटकावर) एक. चोर मात्र आगरातून (मागच्या बागेतून), गडगा (दगडी कुंपण) ओलांडून, न्हाणीघराच्या बाजूनं येतो. दोनच कॅमेरे असतील तर एक मागीलदारी लावा आणि दुसरा अशा जागी, जिथून घरात येणाऱ्या प्रत्येकाला जावंच लागतं.

दुसरी फसगत लेन्सची. खोक्यावर “३० मीटर नाईट व्हिजन” लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ३० मीटरवर काहीतरी हलतंय एवढं दिसेल. कोण हलतंय ते कळणार नाही. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यायचा असेल तर चित्रात एक मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल मिळावे लागतात, असा एक मान्य निकष आहे. २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १९२० पिक्सेल असतात. सर्रास मिळणारी २.८ मिलिमीटरची लेन्स अख्खं अंगण टिपते, पण या निकषानं चेहरा ओळखू येतो तो जेमतेम तीन मीटरपर्यंत. ६ मिलिमीटरची लेन्स कमी रुंद बघते, मात्र सात-आठ मीटरपर्यंत चेहरा देते. आता बेड्यापासून घरापर्यंतचं अंतर मोजा आणि ठरवा. पडवीला २.८, बेड्याच्या वाटेला ६, हे बहुतेक घरांना चालतं. दुकानदार सगळीकडे २.८ देतो, कारण पडद्यावर भरपूर दिसलं की गिऱ्हाईक खूश होतं.

उंचीचंही तसंच. काढून नेऊ नये म्हणून कॅमेरा वाशाला टांगला की खाली येणाऱ्याची टोपी तेवढी दिसते. निदान एक कॅमेरा आठ-नऊ फुटांवर, चेहऱ्याच्या रोखानं असू द्या.

वाय-फाय आहे म्हणजे झालं, हा समज

दीड-दोन हजारांचा वाय-फाय कॅमेरा मुंबईच्या वन बीएचकेमध्ये छान चालतो. गावच्या घराच्या चिऱ्याच्या भिंती जाड, राउटर माजघरात आणि कॅमेरा गोठ्यावर. सिग्नल दोन भिंतींतच दमतो. बसवण्याआधी कॅमेऱ्याच्या नेमक्या जागी मोबाईल धरून व्हिडिओ कॉल करून बघा. तो अडखळला तर कॅमेराही अडखळणार. तिथं वायर ओढलेली बरी: नेटवर्क केबल एका दमात १०० मीटरपर्यंत चालते, कोअ‍ॅक्सियल (टीव्हीच्या केबलसारखी वायर) त्याहून लांब जाते. नवा कॅमेरा राउटरला जोडलाच जात नसेल तर बहुधा राउटर ५ गिगाहर्ट्झवर बोलत असतो आणि कॅमेऱ्याला फक्त २.४ कळतं. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या, फोन २.४ वर आणा, मग जोडा.

नेटची लाईनच नसेल तर सिमकार्डवाला कॅमेरा. सिम कुठल्या कंपनीचं घ्यायचं ते मुंबईत ठरवू नका. घराच्या त्या कोपऱ्यात कोणाची रेंज आहे ते बघा. थेट चित्र बघताना १ एमबीपीएस (सेकंदाला एक मेगाबिट) धरला तरी तासाला ४५० एमबी डेटा जातो, म्हणून दिवसभर फोनवर अंगण बघत बसायची हौस महाग पडते. रिचार्ज संपण्याची तारीख मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सोलर कॅमेऱ्याबद्दल माझं मत चांगलं नाही, निदान इथं तरी. जून ते सप्टेंबर ऊन दिसत नाही आणि पॅनेल माडाच्या सावलीत असतं. शिवाय बॅटरी वाचवायला तो कॅमेरा झोपलेला असतो. हालचाल झाली की जागा होतो, तोवर माणूस पुढं गेलेला असतो. वीज पोचतच नाही अशा कलमांच्या बागेत आंब्याच्या दिवसांत, ऊन भरपूर असताना, तो चालेल.

आयपी ६६ म्हणजे खारी हवा चालते असं नाही

आयपी ६६ चा आकडा धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्याबद्दल बोलतो, मिठाबद्दल काही सांगत नाही. समुद्राच्या तोंडावरच्या घरात पहिला बळी जातो तो कॅमेऱ्याचा नाही, त्याच्या शेपटीकडच्या जोडांचा. कारागीर ते जोड काळ्या टेपनं गुंडाळून भिंतीवर लोंबते सोडतो. वर्षभरात आत हिरवं चढतं आणि चित्र आधी थरथरतं, मग जातं. प्रत्येक कॅमेऱ्यामागं झाकणबंद जंक्शन बॉक्स लावून घ्या, जोड त्याच्या आत घ्या, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरा. बॉक्समध्ये शिरण्याआधी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता तिथून ठिबकतं. आणि वायर पूर्ण तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर दिसते तशीच, दर मीटरला स्वस्त असते आणि या हवेत लवकर दगा देते.

लक्षणं बघून बिघाड ओळखा

दिवसा व्यवस्थित, रात्र झाली की कॅमेरा बंद-चालू होतो: कॅमेरा बदलू नका. अंधारात इन्फ्रारेड दिवे लागतात, वीज जास्त ओढली जाते आणि बारीक, लांब वायरीत १२ व्होल्टचे १० होतात. जाड वायर टाका किंवा अ‍ॅडॉप्टर कॅमेऱ्याजवळ न्या. दुकानदार इथं हमखास नवा कॅमेरा गळ्यात मारतो.

रात्री सगळं पांढरं धुकं: बहुतेकदा कोळ्याचं जाळं असतं, नाहीतर दिव्यांचा उजेड जवळच्या खांबावर किंवा पागोळीच्या पत्र्यावर आपटून परत येत असतो. कॅमेरा दोन बोटं पुढं ओढा. पहिल्या पावसानंतर पाखरं (पंखवाले किडे) त्या उजेडावर झुंबड करतात, त्यांना पुरता इलाज नाही. पण वेगळा दिवा चार हात लांब लावला तर ती तिकडं जातात.

फोनवर दिवसाला शंभर सूचना: झावळ्या, मांजरं आणि वानर. कॅमेऱ्यात फक्त माणूस ओळखायची सोय असेल तर ती चालू करा आणि झाडं दिसणारा भाग हालचालीच्या चौकटीतून वगळा. नाहीतर आठवड्याभरात तुम्हीच सूचना बंद कराल, आणि मग कॅमेरा असून नसल्यासारखाच.

रेकॉर्डिंगची वेळ अडीच तास पुढं: यंत्र अजून बीजिंगच्या वेळेवर आहे. टाइम झोन पाच-तीस करा. प्रत्येक वेळी वीज गेल्यावर तारीख मागं जात असेल तर आतला बटण-सेल संपलाय. तो अगदी स्वस्तात मिळतो.

साठवण

एच.२६५ वर (चित्र दाबून कमी जागेत साठवायची पद्धत) २ मेगापिक्सेलचा कॅमेरा १ एमबीपीएसला बसवला तर चार कॅमेरे दिवसाला सुमारे ४३ जीबी खातात. १ टेराबाइटची डिस्क तीन आठवडे पुरते. २ एमबीपीएसला तीच अकरा दिवसांत भरते आणि जुनं पुसायला लागते. चोरी कळते गावाला गेल्यावर, म्हणून हा आकडा बघूनच डिस्क घ्या. मेमरी कार्डवाल्या कॅमेऱ्यात ‘हाय एंड्युरन्स’ कार्ड टाका. सतत लिहून साधं कार्ड झिजतं आणि गुपचूप लिहिणं थांबवतं, तेव्हा महिन्यातून एकदा मागची एखादी चित्रफीत खरंच उघडते का बघा. फारच स्वस्तात मिळणारं १ टेराबाइटचं कार्ड बहुधा बनावट असतं.

पासवर्ड आणि छाप

२०१६ साली मिराई नावाच्या विषाणूनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. बसवणारा कारागीर आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकच पासवर्ड ठेवतो, त्यामुळे तो गेला की लगेच बदला आणि अ‍ॅपचं खातं तुमच्याच नंबरवर असू द्या. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचण्या भारतात सक्तीच्या झाल्या आहेत. खोक्यावरचा आर-क्रमांक (भारतीय मानक ब्युरोचा, म्हणजे बीआयएसचा नोंदणी क्रमांक) बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघता येतो. बिनछापाचा, बिननावाचा माल मग कितीही स्वस्त असो, तो नको.

शेजाऱ्याला विसरणं

गावात वाट सामाईक, विहीरही सामाईक. तुमचा कॅमेरा शेजाऱ्याच्या अंगणात किंवा पाणवठ्यावर रोखलेला असेल तर वाद आज ना उद्या होणारच. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग काळा करायची सोय असते, ती वापरा. घरात होमस्टे चालवत असाल तर पाहुण्यांच्या खोलीत कॅमेरा अजिबात नको. संमतीशिवाय कोणाच्या खाजगी अवयवांचं चित्रण करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि त्याच शेजाऱ्याची तुम्हाला गरज आहे. रात्री दोनला मुंबईत फोन वाजला तर तुम्ही पोचणार सकाळी. वाडीतल्या दोघांना आधी विचारून त्यांचे नंबर अ‍ॅपशेजारी ठेवा, पोलिसांसाठी ११२. जमत असेल तर एकाला अ‍ॅपमध्ये फक्त बघण्याची परवानगी द्या. त्यांना एकट्यानं आत जायला मात्र सांगू नका. लांबून हाक मारून दिवे लावले तरी पुष्कळ.

चोरी झालीच तर घाईनं डीव्हीआर उघडून इकडं-तिकडं करू नका. त्या वेळेची चित्रफीत लगेच पेनड्राइव्हवर काढा, नाहीतर जुनं पुसलं जाईल, आणि यंत्र तसंच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली क्लिप ओळख पटवायला चालते. चित्रण कोर्टात पुरावा म्हणून देताना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचा नमुना पोलीस ठाण्यात विचारा. यंत्राचं घड्याळ बरोबर होतं की नाही, हे तिथं पहिल्यांदा विचारलं जातं.